बर्फाच्या सिनेमातली बाई

१० नोव्हेंबर

शेवटच्या वर्षाची फिल्म करायची आहे आणि माझी पाटी कोरी. सरांनी आज वर्गात सांगितलं की पटकथा लिहायला बसण्याआधी आपल्याला भिडलेले सिनेमे पुन्हा बघा आणि त्यांतून काय उचलणार ते ठरवा. ‘उचलणार’ हा शब्द त्यांचाच. मग नेहमीचं वाक्य आलं. "उचला खुशाल. पण ‘हे कुणाचं’ असं विचारलं की लगेच नाव सांगता आलं पाहिजे. ज्याचं श्रेय त्याला द्या. ते जमत नसेल तर तुम्ही नुसते चोर." तीन वर्षं हे ऐकून आमच्या वर्गाला आता सवयच लागली आहे. कॅन्टीनमध्ये कुणी बरा विनोद केला तरी आम्ही विचारतो, कुणाचा?

माझी अडचण अशी की मला जे सुचतं ते मुळातच कुणाचं तरी असतं. बाकावर बसलेला म्हातारा डोळ्यांपुढे येतो आणि मग आठवतं की तो बाक, तो म्हातारा आणि त्याची टोपीसुद्धा मी कुठेतरी बघितलेली आहे. दिवट्या म्हणतो, तुझ्या स्वप्नांच्या शेवटीही नामावली येत असणार. दिवट्या माझा कॅमेरामन. दिवे तोच लावतो आणि पहिल्या वर्षी दोनदा नापास झाला होता, त्यामुळे हे नाव त्याला दोन्ही बाजूंनी बसतं.

१४ नोव्हेंबर

सापडलं. आज लायब्ररीत बर्फाचा सिनेमा पुन्हा लावला. आम्ही सगळे त्याला बर्फाचाच म्हणतो. सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, ‘सत्यघटनेवर आधारित’. मग एक बाई झोपलेल्या मुलाच्या कपाळाचा मुका घेते, पिशवी उचलते आणि दार ओढून घेऊन बर्फात चालायला लागते. एकही शब्द नाही. तिने का सोडलं हेही सांगत नाहीत. मी याआधी तो बघून रडलोय आणि आजही रडलो. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला रुमाल दिला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेच करायचं. घर सोडून जाणारी बाई, झोपलेलं मूल, दार. दिवट्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तोच सिनेमा, फक्त बर्फ वजा." मी म्हणालो, याला प्रेरणा म्हणतात. तो म्हणाला, म्हणत असतील.

१६ नोव्हेंबर

घरी जेवताना गोष्ट सांगितली. आईने सगळं ऐकून विचारलं की यात कुणी हसतं का. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, मग बघणार कोण.

ताई मात्र जेवायची थांबली. ऑक्टोबरमध्ये ती खारूला घेऊन माहेरी आली, तेव्हापासून घरात आम्ही जपूनच बोलतो. खारू सहा वर्षांची आहे, ताटात काही ठेवलं की दोन्ही हातांनी धरून कुरतडते म्हणून खारू. तिचा ताबा कुणाकडे राहायचा याचं भाऊजींबरोबर कोर्टात चाललं आहे. त्यापलीकडे मला काही माहीत नाही. धाकट्याला कोण सांगणार? मी विचारतही नाही, कारण ताईच्या तोंडावर तसं लिहिलेलंच असतं, विचारू नकोस.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी आधीच सांगून टाकलं की ही बाई तू नाहीस, तू तर खारूला घेऊन आलीस, ही तर टाकून जाते. ताईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"दार ओढून घेतल्यावर ती कुठे जाते?" तिने विचारलं.

मी सांगितलं की ते दाखवत नाहीत, तिथेच संपतं. ताई ‘बरं’ म्हणाली आणि भांडी उचलायला लागली. सिनेमाची भाषा सगळ्यांना कळत नाही, त्यात तिचा दोष नाही.

२ डिसेंबर

सरांनी आराखडा मंजूर केला. प्रत्येक शॉटपुढे तो कुठून आला ते मी लिहिलं होतं आणि सगळीकडे बर्फ, बर्फ, बर्फ. सर म्हणाले, "तुझं काय आहे यात?" मी म्हणालो, शोधतोय. ते म्हणाले, शोध, पण शूटिंगच्या आधी.

अजून सापडलेलं नाही. रोज सकाळी उठून शोधतो आणि रोज संध्याकाळी पुन्हा बर्फात. कधी कधी वाटतं आपल्यात काही नाहीच, नुसता एक पडदा आहे, त्यावर दुसरे लोक चालतात.

९ डिसेंबर

शूटिंग आमच्याच घरी, ताईच्या खोलीत. खारू दुपारी गाढ झोपते म्हणून दुपारचीच वेळ ठेवली आणि खिडक्यांना काळे कागद लावून रात्र केली. नायिका म्हणजे खालच्या वर्गातली एक मुलगी, नाटकात बऱ्यापैकी नाव आहे तिचं. खारू आईच्या स्वेटरची बाही मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही, म्हणून नायिकेला ताईचा राखाडी स्वेटर घातला आणि खारूच्या शेजारी झोपवलं.

पंचाईत इथे सुरू झाली. मुका घेऊन उठायचं, तर खारूची मूठ सुटेना. नायिकेने हळूच एकेक बोट सोडवलं, तशी खारू जागी झाली आणि तिच्याकडे बघून म्हणाली, ही माझी आई नाहीच. सगळे हसले, खारू सगळ्यांत जास्त हसली. पुन्हा झोपवलं, पुन्हा तेच. या खेपेला तिने डोळे न उघडताच, ‘ए खोटी आई’ म्हणून हाक मारली. दिवट्याचा कॅमेरा हसून हलला. माझ्या नाकी नऊ आले.

तेवढ्यात ताई मागून म्हणाली, "बोटं सोडवायची नाहीत. जाग येते. बाही तशीच ठेवायची आणि आपण बाहेर यायचं."

नायिकेला कळेना. शेवटी ताईनेच स्वेटर घातला आणि खारूला कुशीत घेऊन झोपली. खारू लगेच विरघळली. मी दिवट्याला खूण केली, चालू ठेव, चेहरा येऊ देऊ नकोस. ताईने आधी मोकळा हात आत ओढून घेतला, मग मान खाली करून डोकं काढलं, आणि धरलेली बाही तिथेच ठेवून दुसरा हात इतका सावकाश बाहेर घेतला की कापड हललंसुद्धा नाही. रिकाम्या स्वेटरमध्ये उशी सरकवली, ऊब आणि वजन राहावं म्हणून. मग चपला हातात घेऊन दारापर्यंत गेली. एका टेकमध्ये, काहीही न सांगता.

मी कट म्हणालो. ती दाराशी तशीच उभी राहिली. तिला कट म्हणजे काय ते माहीत नसेल, म्हणून मी जाऊन सांगितलं की झालं, आता हलू शकतेस. ती म्हणाली, हो का.

काय शॉट मिळालाय! बर्फाच्या सिनेमात हे नाही. मी ताईला म्हणालो, तू दिग्दर्शक व्हायला हवी होतीस. ती खिडकीचे काळे कागद काढत होती.

२१ डिसेंबर

संकलन झालं. सुरुवातीला ‘सत्यघटनेवर आधारित’ टाकलं. दिवट्याने विचारलं, कुठली घटना? मी म्हणालो, बर्फाच्या सिनेमात आहे, त्याने वजन येतं. तो म्हणाला की निदान तिकडे तरी काहीतरी घडलं असेल. मी दुर्लक्ष केलं. खरं सांगायचं तर ती पाटी काढून बघितली होती आणि फिल्म एकदम हलकी वाटायला लागली.

५ जानेवारी

आज वर्गात दाखवली. दिवे लागल्यावर सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाकी सगळं कुठलं ते मला ठाऊक आहे. ती बाही कुणाची?"

"ताईची," मी म्हणालो. वर्गाने टाळ्या वाजवल्या. संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर आमची फिल्म सगळ्यांत वर लावणार आहेत. तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण अगदीच हे नाही.

घरी येऊन ताईला दाखवायला बसलो. ती म्हणाली डोकं दुखतंय, नंतर बघते.

१९ जानेवारी



ताईच्या वकीलबाईंचा आईला फोन आला. भाऊजींच्या चुलत भावाने ती फिल्म संस्थेच्या पानावर बघितली आणि भाऊजींच्या वकिलाने ती आता पुरावा म्हणून कोर्टात दिली आहे. वकीलबाईंनी मला फोनवर घेतलं आणि जे सांगितलं ते मला आज पहिल्यांदा कळलं. भाऊजी पहिल्यापासून म्हणत आहेत की माहेरी येण्याच्या आदल्या रात्री ताई खारूला झोपेत टाकून घराबाहेर निघून गेली होती. ताईने लिहून दिलंय की असं काही घडलं नाही, सकाळी मुलीला उठवलं आणि दोघी निघालो. आजवर भाऊजींच्या बोलण्याला काही आधार नव्हता. आता आहे. सख्ख्या भावाने, तिच्याच खोलीत, तिच्याच मुलीला घेऊन केलेली फिल्म, आणि वर पांढऱ्या अक्षरांत सत्यघटनेवर आधारित.

मी फोनवर म्हणालो, अहो, ती तर आम्ही सिनेमातून उचलली. त्या म्हणाल्या, पाटीवर तसं लिहिलंय का?

संस्थेला फिल्म काढून टाकायला सांगणार होतो. वकीलबाई म्हणाल्या की आता काढलीस तर लपवाछपवी दिसेल, आणि त्यांच्याकडे प्रत आहेच. म्हणजे ती तिथे राहणार, लोक बघणार, आणि खाली कुणीतरी लिहिलंय, किती खरी वाटते. आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तिने बोलायला हवं होतं.

२२ जानेवारी

वकीलबाईंनीच वाट दाखवली. फिल्म नक्कल आहे हे सिद्ध झालं तर तिचं पुरावा म्हणून मोल उरत नाही. कोर्टाने नेमलेल्या समुपदेशक बाईंसमोर बर्फाचा सिनेमा आणि आपली फिल्म शेजारी शेजारी लावायची, एकेक शॉट. जग नकलेला नावं ठेवतं, आणि माझी नक्कलच आता ताईला वाचवणार. मला हसायला आलं आणि मग बराच वेळ थांबेना.

सरांकडे गेलो. ते म्हणाले, तू लेखी दिलंस की शॉटमागून शॉट उचललाय, तर मला ही फिल्म पदवीसाठी धरता येणार नाही, वर्ष पुन्हा करावं लागेल. मी म्हणालो, करीन. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या क्षणी स्वतःबद्दल फार बरं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

२३ जानेवारी

ताईला सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "नको. शेजारी शेजारी लावू नकोस."

मी समजावलं की माझ्या वर्षाची काळजी करू नकोस, मी ठरवलंय. ती म्हणाली, तुझ्या वर्षाचं नाही रे. मग खारू आत आली आणि बोलणं तिथेच राहिलं. मी नंतर पुन्हा विषय काढला तर ती म्हणाली, वकीलबाई म्हणतात तसंच करा, माझ्या हातात काय आहे. अशी माझी ताई, स्वतःचं गळ्याशी आलंय तरी भावाचं बघते.

३० जानेवारी

लिहायचं नव्हतं. पण दुसरं काय करू?

समुपदेशक बाईंची खोली लहान होती, एक टेबल आणि कोपऱ्यात लहान मुलांसाठी ठेवलेले लाकडी ठोकळे. भाऊजी समोर बसले होते, बारीक झाले आहेत. भाऊजी कधी ओरडत नाहीत. ताई एकदाच आईला म्हणाली होती की त्यांचं बिनसलं की ते बोलणंच थांबवतात, आठवडेच्या आठवडे, आणि मग घरात स्वतःचाच आवाज परका वाटायला लागतो. मी लॅपटॉप उघडला आणि दोन्ही चौकटी शेजारी शेजारी लावल्या.

सुरुवात झकास झाली. दिव्याचा शॉट, दिव्याचा शॉट. पिशवी, पिशवी. कपाळाचा मुका, तोच कोन, तीच सावली. समुपदेशक बाई गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, अगदी कागद ठेवून गिरवलंय तुम्ही. वकीलबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी वर्षभरात इतक्या आत्मविश्वासाने काही सांगितलं नव्हतं.

मग डावीकडची बाई मुका घेऊन उठली आणि दाराकडे गेली. उजवीकडे मोकळा हात बाहीतून आत गेला, मान खाली झाली, उशी सरकली. डावीकडचा सिनेमा पुढे निघून गेला, उजवीकडचे हात अजून तिथेच होते.

समुपदेशक बाईंनी थांबवायला सांगितलं. "हे त्यात नाही. हे कुणाचं?"

आणि मी म्हणालो, "ताईचं."

तीन वर्षांची सवय. विचारलं की नाव सांगायचं. तोंडातून शब्द गेल्यावरही मला काही कळलं नव्हतं, उलट श्रेय दिल्यासारखं वाटलं होतं. मग मी ताईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा शूटिंगच्या दिवशी दाराशी उभी होती तेव्हासारखा होता.

आधी भाऊजी बोलले. आवाज चढवला नाही. म्हणाले की त्या रात्री ते पाणी प्यायला उठले तेव्हा खारूच्या मुठीत असाच स्वेटर होता, आत उशी घातलेला, आणि ही घरात नव्हती. हे ते सगळ्यांना सांगत होते. समुपदेशक बाईंनी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? भाऊजी म्हणाले, झोपलो.

वकीलबाई म्हणाल्या की माझ्या अशिलाला काही बोलायचं नाही. ताई म्हणाली, "बोलायचंय. गेले होते मी. बस स्टँडपर्यंत गेले, पहिल्या बसची वाट बघत बसले. उजाडायच्या आत परत आले."

"मुलीसाठी?" बाईंनी विचारलं. त्यांनी ते इतक्या मायेने विचारलं की नुसतं हो म्हणायचं होतं. मी मनात म्हणत होतो, हो म्हण, ताई, हो म्हण.

"थंडी वाजत होती," ताई म्हणाली. "स्वेटर घ्यायला आले. काढायला गेले तर ती जागी झाली आणि म्हणाली, कुठे गेली होतीस. मग नाही जाता आलं तिला सोडून."

लॅपटॉपवर दोन्ही चित्रं थांबलेली होती, आणि ती बंद करायला माझा हात उचलेना.

१२ फेब्रुवारी

निकाल येईपर्यंत खारू वडिलांकडे राहील आणि दर रविवारी आमच्याकडे येईल. ताई रात्री बाहेर गेली होती यापेक्षा तिने खोटं लिहून दिलं हे जास्त नडलं, असं वकीलबाईंनी सांगितलं. मी विचारलं, मी बोललो नसतो तर? त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाल्या, आता त्याचा काय उपयोग.

सरांनी निरोप पाठवला की बाहीचा शॉट स्वतंत्र असल्यामुळे पूर्ण नक्कल धरता येणार नाही, म्हणून माझं वर्ष वाया जाणार नाही. दिवट्या घरी आला, बराच वेळ बसला, एकही विनोद न करता गेला.

१४ फेब्रुवारी

सकाळी भाऊजी खारूला न्यायला आले. आईने तिचे कपडे पिशवीत भरले होते. खारूला वाटलं दोन दिवसांचं आहे, म्हणून खुशीत होती. ताईने तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. भाऊजी दाराबाहेरच उभे राहिले. ‘या’ म्हणावं की नाही ते मला कळेना.

१७ फेब्रुवारी

ताईला मी टाळत होतो. ती रागावेल, मला काहीतरी लागेल असं बोलेल, आणि मग थोडं हलकं वाटेल अशी वाट बघत होतो. ती रागावत नाही. आज म्हणाली, "छोट्या, तुझी फिल्म लाव ना." आजवर तिने ती कधीच पूर्ण बघितली नव्हती.

लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. तिने कुठलीच पाटी वाचली नाही, सरळ पुढे नेलं. खारू झोपलेली, तोंड किंचित उघडं, श्वासाबरोबर पांघरूण वरखाली होतंय. ताई बघत राहिली. स्वतःचे हात चौकटीत यायच्या जरा आधी तिने थांबवलं आणि मागे नेलं. पुन्हा बघितलं, पुन्हा तिथेच थांबवलं. मी शेजारी बसून होतो. असं बराच वेळ चाललं.

मग तिने विचारलं, "ती जागी झाली होती ना आधी? नायिकेला खोटी आई म्हणाली होती. हसत होती. ते कुठाय?"

मी सांगितलं की ते टेक बिघडलेले होते. कॅमेऱ्याच्या कार्डात जागा हवी होती, म्हणून दिवट्याने आणि मी त्याच संध्याकाळी पुसून टाकले.

"बरं," ताई म्हणाली, आणि झोपलेल्या खारूवर परत आली.